जमीन लवकर तापते

घटप्रभेच्या काठावरच्या एका गावात मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. ‘जमीन लवकर तापते, लवकर निवते, पाणी उशिरा तापते, उशिरा निवते’ हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहायचे, खाली दोन बाण काढायचे, एकावर ‘खारे वारे’ आणि दुसऱ्यावर ‘मतलई वारे’ लिहायचे, की तास संपायचा. मुले वाक्य पाठ करीत, परीक्षेत लिहीत आणि विसरून जात. मीही त्यांच्याहून फार वेगळा नव्हतो. त्या वाक्याचा अर्थ मला लागला तो निवृत्तीनंतर सात वर्षांनी, २०२३ च्या एप्रिलात. तेव्हा मी उत्तर समुद्राच्या काठी कानटोपी घालून एका बाकावर बसलो होतो.

मुलगी तिकडे परिचारिका आहे. तिच्या आग्रहावरून सौ. आणि मी तीन महिने तिच्याकडे राहिलो. गाव बेरिक. लिहिताना ‘बेरविक’ लिहितात, पण तसे म्हटले तर तिथली माणसे हसतात. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरचे हे गाव दोन राज्यांमध्ये तेराएक वेळा इकडून तिकडे गेले आणि १४८२ पासून इंग्लंडकडे राहिले. गाव इंग्लंडात, पण गावाचा फुटबॉल संघ खेळतो स्कॉटलंडच्या स्पर्धांत. बेळगावकडच्या वाचकांना यावर अधिक सांगायला नको. सीमेवरचा माणूस सीमेवरच येऊन पडला, एवढेच मी सौ.ला म्हणालो.

एप्रिलचा तिसरा आठवडा असेल. गावाच्या जुन्या तटावर पिवळी डॅफोडिल्स वाऱ्यात डोलत होती, ऊन लख्ख पडले होते, आणि थंडीला कंटाळलेली तिथली माणसे अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून हिंडत होती. मीही स्वेटर काढून हातात घेतला. दुपारी दोनच्या सुमारास समुद्रावर एक पांढरी भिंत दिसू लागली. बघता बघता ती धक्क्याच्या टोकाच्या दीपगृहापर्यंत आली, तिने दीपगृह गिळले, मग नदीचे मुख गिळले, आणि अर्ध्या तासात माझ्यापासून वीस हातांवरचा बाक दिसेनासा झाला. अंगावर गार, ओलसर हात फिरावा तसे वाटले. मी घाईने स्वेटर चढवला. शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ (आयुष्य बंदरावर गेलेले) शांतपणे म्हणाले, “हार आला.” या धुक्याला स्कॉटलंडात हार म्हणतात, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर फ्रेट म्हणतात; सीमेवरच्या गावात दोन्ही शब्द चालतात. मग त्यांनी समुद्राच्या दिशेने मान हलवली आणि म्हणाले, “आपण एप्रिलात आहोत. तो अजून फेब्रुवारीत आहे.”

मी तिथल्या तिथे माझ्या फळ्यासमोर जाऊन उभा राहिलो.

कोरडी माती जितक्या उष्णतेने एक अंश तापते, तिच्या चौपट-पाचपट उष्णता तितक्याच वजनाच्या पाण्याला लागते. शिवाय उन्हाची ऊब पाण्यात खोलवर जाते आणि लाटा-वारे ती ढवळून आणखी खाली नेतात. त्यामुळे त्या किनाऱ्यावर डिसेंबरात दिवस सर्वांत लहान असला तरी समुद्र सर्वांत गार होतो तो फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये. आणि सर्वांत उबदार होतो ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा जमिनीवरचा उन्हाळा ओसरू लागलेला असतो. एप्रिलात पाणी असते सात-आठ अंशांवर. त्यावरून ऊबदार, दमट हवा सरकली की ती निवते, तिच्यातल्या बाष्पाचे धुके होते, आणि पूर्वेचा वारा असला (वसंतात तो तिकडे बऱ्याचदा असतो) की ते धुके किनाऱ्यावर येते. जमीन जितकी अधिक तापेल तितका समुद्राकडून वारा ओढला जाईल. म्हणजे माझे खारे वारेच! दोन-तीन कोसांवर आत शेतात मात्र लख्ख ऊन. जावई त्या दिवशी आतल्या गावाहून आला तो उन्हाने लाल होऊन, आणि आम्ही इकडे दिवा लावून बसलेलो.

हे धुके त्रासदायक आहे, पण प्रामाणिक आहे. ते दिसते. न दिसणारा धोका त्याच पाण्यात असतो. पहिल्या उबदार दिवशी माणसे हवेवरून पाण्याची परीक्षा करतात आणि उडी घेतात. पंधरा अंशांखालच्या पाण्यात अंग एकदम पडले की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि मग धाप लागते. ती काही केल्या आवरत नाही. नेमका तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला तर चांगला पोहणाराही संपतो. पहिली एक-दोन मिनिटे हातपाय न मारता पाठीवर तरंगत राहावे, श्वास ताब्यात येऊ द्यावा, असे तिथली जीवरक्षक संस्था सांगत असते. ही संस्था १८२४ सालची. पण वसंतात बऱ्याच किनाऱ्यांवर तिचे जीवरक्षक अजून पहाऱ्यावर आलेले नसतात. तेही जमिनीच्या पंचांगाप्रमाणे चालतात, त्याला इलाज नाही.

त्या वृद्धांमुळे मला एक नाद लागला. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी रेडिओवर जहाजांसाठी हवामानवृत्त लागे. बेटांभोवतीच्या समुद्राचे तुकडे पाडून त्यांना नावे दिली आहेत: फोर्थ, टाइन, डॉगर वगैरे. निवेदक स्तोत्र म्हणावे तसे एकेका तुकड्याचा वारा, पाऊस, दृश्यता सांगत जातो. त्यात विशेषणांना मोजमाप आहे. वादळाचा इशारा देताना ‘इमिनन्ट’ म्हटले तर सहा तासांच्या आत. ‘सून’ म्हटले तर सहा ते बारा तास. ‘लेटर’ म्हणजे त्याही पुढे. आपल्याकडे ‘येतोच पाच मिनिटांत’ म्हणणारा माणूस जेवणवेळेपर्यंत येतो. आणि आमच्या भागातल्या कानडी-मराठी अशा दोन्ही घरांत सर्व प्रश्नांवरचे रामबाण उत्तर म्हणजे ‘नोडोण्री’, बघूया. ‘नोडोण्री’ला तास नाहीत. शब्द वापरण्याआधी त्याची लांबी मोजून घ्यावी, असे ज्यांना वाटले त्यांच्याविषयी मला कुतूहल वाटू लागले, आणि त्यातून मी रॉबर्ट फिट्झरॉय यांच्यापाशी पोहोचलो.

डार्विन ज्या जहाजातून जगप्रदक्षिणेला गेला त्या ‘बीगल’चे हे कप्तान. पुढे दोन वर्षे न्यूझीलंडचे गव्हर्नर. १८५४ साली ब्रिटिश सरकारने हवामानाच्या नोंदी गोळा करण्यासाठी एक लहानसे खाते काढले आणि त्यांना त्यावर बसवले. काम नोंदींचेच होते, सांगण्याचे नव्हते. १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ नावाचे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. किनाऱ्यावरून तारेने नोंदी आल्या असत्या तर वादळाची वाट आधी कळली असती, हे फिट्झरॉय यांना दिसत होते. ते नोंदींवर थांबले नाहीत. १८६१ च्या फेब्रुवारीपासून त्यांनी बंदरांना वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली. डोलकाठीवर किंतानाचा काळा शंकू चढवायचा; टोक वर असेल तर उत्तरेचे वादळ, खाली असेल तर दक्षिणेचे. कोकणात ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तो बावटा याच कुळातला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून ‘टाइम्स’ पत्रात त्यांचे रोजचे हवामानाचे अंदाज छापून येऊ लागले.

या नव्या गोष्टीला नाव काय द्यावे, यावर त्यांनी विचार केला होता. भविष्य नको, भाकीतही नको. नोंदी आणि गणित यांवरून बनवलेले ते एक मत आहे, म्हणून ‘फोरकास्ट’. आपले हवामान खातेही ‘अंदाज’च म्हणते. पण ऐकणारा भाकीत ऐकतो. पंचांगात मृगाचे वाहन कोल्हा की मेंढा लिहिलेले असते, ते चुकले म्हणून पंचांगकर्त्याला कोणी जाब विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. अंदाज चुकला की मात्र चहाच्या टपरीवर खात्याची सालटी निघतात. फिट्झरॉय यांचीही निघाली. वर्तमानपत्रांनी टर उडवली, शास्त्रज्ञांनी पायाच कच्चा म्हटले, आणि शंकू चढला की बोटी बंदरात अडकून पडतात अशी मासेमारी बोटींच्या काही मालकांची तक्रार होती. त्यांचा स्वतःचा पैसा संपला होता, प्रकृती खालावली होती, मनाला पूर्वीपासून काळोखाचे झटके येत. वसंताच्या ऐन भरात, ३० एप्रिल १८६५ रोजी, त्यांनी स्वतःचा जीव घेतला. अंदाज चुकले म्हणून त्यांनी असे केले, असे कार्यकारण जोडणे सोपे आहे. मी जोडत नाही. माणसाचे मन काही खारे-मतलई वारे नव्हे.

पण त्या बोटमालकांची तक्रार मला सोडीना. आपण तिला सहज स्वार्थ म्हणून मोडीत काढतो. शंकू चढवणाऱ्याचा पगार ठरलेला होता. शंकू चढला आणि वादळ आले नाही, तर त्याचे काहीच जात नव्हते. ज्याची जाळी कोरडी राहिली त्याच्या घरी त्या दिवशी चूल कशी पेटायची, हा प्रश्न होता. चुकीच्या इशाऱ्याची किंमत असते, आणि ती इशारा देणारा भरत नाही.

बेरिकच्या उत्तरेला, स्कॉटलंडच्या हद्दीत, आयमथ नावाचे मासेमारीचे गाव आहे. जावयाने एका रविवारी तिकडे नेले. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या बायकामुलांची ब्राँझची लहान लहान शिल्पे तिथे २०१६ साली बसवली आहेत. १४ ऑक्टोबर १८८१, शुक्रवार. आठवडाभर खराब हवेने बोटी बंदरात होत्या, घरात पैसा नव्हता. त्या सकाळी आभाळ निरभ्र, वारा पडलेला. बंदरावरच्या वायुभारमापकाचा पारा मात्र फार खाली गेला होता, आणि तो सर्वांनी पाहिला होता. तरी बोटी गेल्या. दुपारी वादळ आले. त्या किनाऱ्यावरचे १८९ कोळी बुडाले, त्यांतले १२९ एकट्या आयमथचे. काही जण बंदराच्या तोंडाशी, घरच्यांच्या डोळ्यांदेखत. ही गोष्ट शरदातली, वसंतातली नव्हे. पण त्या सकाळचे ते ऊन मला ओळखीचे वाटले. कातडीला जे कळते ते पाऱ्याहून खरे वाटते.

शिल्पातल्या एका मुलाने आईचा पदर धरावा तसा झगा धरला आहे. तिथे उभे असताना मला समुद्र आठवला नाही. आमची खालची गल्ली आठवली.

२०१४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा संध्याकाळी फोन आला, की पाणी फार चढते आहे, रात्रीत तुमच्याकडे येईल. मी छत्री घेतली, नववीतली दोन पोरे बरोबर घेतली आणि खालच्या गल्लीत घरोघर जाऊन सांगितले. मास्तर सांगतात म्हणून लोक उठले. भर पावसात गुरे, भांडी, धान्याची पोती शाळेत आणून टाकली. रात्रभर आम्ही कंदील घेऊन नदीकडे बघत बसलो. पाणी मारुतीच्या देवळाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आले आणि उतरले. सकाळी ऊन पडले. कोणी रागाने बोलले नाही; हसले. पुढे दोन वर्षे गावात आभाळ भरून आले की पोरे ‘मास्तरांचा पूर आला’ म्हणून ओरडत. अण्णांचा जोंधळा भिजून मोड आले, हेही कानावर आले. दोन पोती असतील, असे मी धरून चाललो.

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा त्याच मावसभावाचा फोन आला. तेच शब्द. मी छत्री घेतली, उंबऱ्यापर्यंत गेलो, आणि परत येऊन कोपऱ्यात उभी करून ठेवली. सर्वांच्या हातात आता मोबाइल आहेत, कळेलच, असे मनाला सांगितले. खरे कारण ते नव्हते. रात्री खालच्या गल्लीत पाणी शिरले. माणसे वाचली. अण्णांच्या दोन म्हशी दावणीला बांधलेल्या होत्या, त्या गेल्या. तो फोन आला होता, हे मी सौ.लादेखील सांगितले नव्हते.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, आणि त्यातून खोटे बोलू नये हे शिकवतो. त्या गोष्टीतला पोरगा मजेखातर ओरडत होता. पण खरोखर झुडूप हललेले पाहून जो ओरडला, त्याने दुसऱ्यांदा ओरडावे की नाही, हे ती गोष्ट सांगत नाही. गावकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर दोघांत फरकही नाही; काम टाकून धावत यावे लागलेच. मग इशारा खरा की खोटा हे वादळ आल्यावर ठरवायचे, की सांगणाऱ्याने सांगण्याच्या क्षणी जे पाहिले त्यावरून? पाऱ्यावरून म्हणाल, तर २०१४ ला मी बरोबर होतो. परिणामावरून म्हणाल, तर २०१९ ला गप्प बसल्याचा दोष पुरता माझ्या पदरात पडतो. मी बराच काळ सोयीने उलट करीत होतो. पहिल्या वेळी परिणाम पाहून लाज वाटून घेतली आणि दुसऱ्या वेळी ‘नक्की कुठे माहीत होते?’ म्हणून सुटका करून घेतली.

फिट्झरॉय यांच्या मृत्यूनंतर काय झाले, ते या बाबतीत पाहण्याजोगे आहे. एका समितीने त्यांच्या कामाची चिकित्सा केली. वर्तमानपत्रातले अंदाज थांबले आणि १८६६ च्या डिसेंबरात बंदरांचे इशारेही थांबले. शास्त्राच्या कसोटीवर समितीचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मात्र इशारे परत द्या, अशी मागणी आली ती किनाऱ्यावरूनच. वर्षभराच्या आसपास शंकू पुन्हा डोलकाठीवर चढू लागले. वर्तमानपत्रातले अंदाज यायला १८७९ साल उजाडावे लागले. किनाऱ्याने चुकीच्या इशाऱ्यांची किंमत मोजली होती, आणि तरी त्याला ते हवे होते. त्याला खात्री नको होती. दुसऱ्याला जे दिसते आहे ते आपल्याला कळावे, मग जायचे की नाही ते आपण ठरवू, एवढेच त्याचे म्हणणे असावे असे मला वाटते. २००२ साली रेडिओवरच्या त्या समुद्राच्या तुकड्यांपैकी एकाचे जुने नाव बदलून ‘फिट्झरॉय’ केले. पहाटे ते नाव आले की मी चहाचा कप खाली ठेवत असे.

मेच्या मध्यावर एक दिवस चांगलाच तापला. नदीपलीकडे स्पिटल नावाचा वाळूचा किनारा आहे. तिथे सोळा-सतरा वर्षांची तीन पोरे सदरे काढून, हसत-ओरडत पाण्याकडे निघाली होती. मी बाकावरून उठलो. माझे इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातले. त्यात डोक्यावर कानटोपी. मी त्यांच्या वाटेत उभा राहून म्हणालो, की बाळांनो, हवा मेमधली आहे, पाणी फेब्रुवारीतले आहे. एकदम उडी मारू नका, हळूहळू आत जा, आणि श्वास अडकला तर पाठीवर पडून राहा. त्यांनी ऐकून घेतले. एकाने अंगठा वर केला. आणि तिघेही धावत जाऊन धाडकन पाण्यात पडले.

मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो. चाळीसपर्यंत मोजले असतील, तोवर तिघे किंचाळत, एकमेकांना ढकलत बाहेर आले. काहीही झाले नव्हते. माझ्या जवळून जाताना टॉवेल गुंडाळलेला एक जण दात वाजवीत म्हणाला, “फेब्रुवारी नाही आजोबा, जानेवारी.”

मुलगी संध्याकाळी म्हणाली, “बाबा, इथे अनोळखी पोरांना कोणी असे सांगायला जात नाही.” सौ. म्हणाली, “त्यांची मास्तरकी जायची नाही.” त्या रात्री मी सौ.ला फोनचे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अण्णांना सांगा.”

जूनच्या अखेरीस आम्ही परतलो. पाऊस लांबला होता, नदीत दगड दिसत होते. दुसऱ्या दिवशी मी खालच्या गल्लीत गेलो. अण्णा कट्ट्यावर दोर वळीत बसले होते. समुद्र, धुके, पोरे, सगळे आधी सांगितले, तेवढाच उशीर. मग फोनचे सांगितले. दोर वळणारा हात थांबला नाही.

“सांगितलं असतं तरी मी हललो नसतो, मास्तर,” ते म्हणाले. “मागल्या बारीला हललो होतो.” मग थोड्या वेळाने कानडीत, माझ्याकडे न बघता, “पण हेळबेकित्री.” सांगायला हवे होते.

मी मान खाली घातली. आतून त्यांच्या सुनेने चहा आणून ठेवला. अण्णांनी दोराचे टोक पायाच्या अंगठ्यात धरले, गाठ मारली, आणि एकदम हसले. “म्हशीचं जाऊ द्या. जोंधळ्याचं मात्र तुम्ही देणं लागता. सात पोती होती.”

“सात?” मी म्हणालो.

“सात,” अण्णा म्हणाले. “घ्या, चहा निवतोय.”